वजन कमी करण्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा करायचं असेल तर: पद्धत आणि सर्जन कसे निवडावेत?

पहिल्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन पुन्हा चढू लागतं, किंवा छातीतली जळजळ आणि उलट्या थांबत नाहीत. मग घरात प्रश्न निघतो, पुन्हा ऑपरेशन करायचं का? या दुसऱ्या ऑपरेशनला रिव्हिजन बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. ती पहिल्यापेक्षा अवघड असते. आधीच्या ऑपरेशनमुळे आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून गळती, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. निर्णय घाईने घेऊ नये.

आधी कारण शोधा

सगळ्यात खाली गेलेलं वजन नंतर थोडं वाढणं स्वाभाविक आहे. त्याला लगेच 'ऑपरेशन फेल' म्हणू नका. गोड चहा, बिस्किटं, सरबतं, सारखं तोंड चालू ठेवणं, थायरॉइड, स्टेरॉइडसारखी औषधं यांमुळेही वजन वाढतं. ते तपासल्यावर दुर्बिणीने जठराची तपासणी (एंडोस्कोपी), बेरियमचा एक्स-रे आणि गरज असल्यास सीटी स्कॅन करतात. सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी-12, डी जीवनसत्त्व आणि प्रथिनांची रक्त तपासणी हवी. शरीररचनेत दोष नसेल तर आहारतज्ज्ञाची मदत किंवा औषधं हा पर्याय आधी पाहावा. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही वजनाची इंजेक्शनं 2025 पासून भारतात मिळतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

पहिलं ऑपरेशन कोणतं, त्यावर दुसरं ठरतं

* गॅस्ट्रिक बँड: पट्टा सरकतो किंवा जठरात रुततो. तो काढून स्लीव्ह किंवा बायपास करतात. कधी दोन्ही एकाच वेळी, कधी पट्टा काढून काही महिने थांबून.
* स्लीव्ह: यात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो. जळजळ जास्त असेल तर सहसा रू-एन-वाय बायपास सुचवतात. मिनी बायपासमध्ये पित्त वर येण्याची शक्यता असते, म्हणून जळजळीच्या पेशंटने त्याबद्दल नीट विचारावं. फक्त वजनाचा प्रश्न असेल तर आतड्याचा जास्त भाग वगळणारी ऑपरेशनंही आहेत. त्यांनी वजन जास्त उतरतं, पण कुपोषणाचा धोकाही वाढतो.
* बायपास: जठराची पिशवी किंवा जोडाचं तोंड सैल झालं असेल तर ते दुरुस्त करता येतं. मात्र फायदा मर्यादित असू शकतो.

सर्जनला काय विचारावं?

पहिल्या ऑपरेशनची नोट आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. फाइल हरवली असेल तर आधीच्या हॉस्पिटलकडून लेखी मागून घ्या. मग संकोच न करता विचारा:

1. तुम्ही स्वतः रिव्हिजनची किती ऑपरेशनं केलीत? वर्षाला किती करता?
2. तुमच्या किती पेशंटना गळती झाली, किती जणांना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं?
3. माझ्यासाठी हीच पद्धत का? दुसरी का नको?
4. आयसीयू, रात्रीची एंडोस्कोपी आणि सीटीची सोय आहे का?
5. नंतरच्या तपासण्या किती वर्षं, आणि कोण करणार?

आकडे सांगायला टाळाटाळ करणारा, 'काही धोका नाही' म्हणणारा किंवा पहिल्याच भेटीत ॲडव्हान्स मागणारा डॉक्टर असेल तर दुसऱ्याचा सल्ला जरूर घ्या. फक्त स्वस्त पॅकेज पाहून ठरवू नका. गुंतागुंत झाली तर आयसीयूचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. विम्यात रिव्हिजन बसतं का, हे कंपनीकडून आधीच लेखी विचारा.

नंतरची काळजी

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, अल्सर होतो. गर्भधारणा साधारण 12 ते 18 महिने पुढे ढकलावी. रमजानचे रोजे कधीपासून धरायचे, हे सर्जन आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, कारण या पेशंटना एकदम भरपूर पाणी पिता येत नाही आणि शरीरातलं पाणी लवकर कमी होतं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. ऑपरेशननंतर ताप, पोटात वाढतं दुखणं, धाप किंवा नाडी मिनिटाला 120 च्या वर गेली, तर सकाळची वाट पाहू नका. ही गळतीची खूण असू शकते. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.