सहा महिन्यांचा वटहुकूम

गुन्हा सिद्ध होण्याआधीच संशयिताच्या मालमत्तेवर टाच आणायची रीत लंडनहून आली, असं मानणारे ‘मारेव्हा’ जहाजाचा दाखला देतात. जहाजाचं भाडं थकवणाऱ्यांना लंडनच्या बँकेतला पैसा हलवायला न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९७५ साली मनाई केली. पण तो दिवाणी वाद होता. आणि भारतात ही तजवीज ३१ वर्षं आधीच झाली होती.

१९४४ साली, ऐन महायुद्धात, गव्हर्नर जनरलनी ३८ क्रमांकाचा वटहुकूम काढला. सरकारी पैसा हडपल्याचा सबळ संशय असेल, तर खटला उभा राहण्यापूर्वीच सरकारनं जिल्हा न्यायाधीशाकडे जावं; त्यानं तात्पुरती टाच आणावी, मग मालकाचं म्हणणं ऐकावं. संशय फौजदारी, दार मात्र दिवाणी! सरकारी दाव्यांचे दिवाणी संहितेतले नियमही वटहुकमानं जसेच्या तसे उचलले. मसुदा लिहिणाऱ्यासमोर १९०८ च्या संहितेतली निकालापूर्वीची जप्तीच असणार, असं माझं ठाम मत आहे. फौजदारी संहितेतही टाच होती, पण ती फरारी माणसाला हजर करण्यासाठी. तिला माणूस हवा होता, पैसा नव्हे.

वटहुकमाचं आयुष्य एरवी सहा महिन्यांचं. युद्धामुळे ब्रिटिश संसदेनं १९४० साली आणीबाणीच्या काळातल्या वटहुकमांसाठी ही मर्यादा उठवली. आणीबाणीचा तो काळ १ एप्रिल १९४६ रोजी संपला. मग त्या काळातले वटहुकूमही संपले का? निकाल लागला तो मुंबई राज्याच्या एका खटल्यात, तोही १९४६ च्या नोटाबंदीच्या वटहुकमावरून! सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली सांगितलं, की त्या काळातला वटहुकूम रद्द करेपर्यंत जिवंत राहतो. नोटांच्या भांडणातून टाचेलाही अभय मिळालं.

२००२ च्या मनी लाँडरिंग कायद्याच्या प्रस्तावनेत संयुक्त राष्ट्रांच्या १९९० आणि १९९८ च्या घोषणांचा उल्लेख आहे, म्हणून त्याचं कूळ परदेशी, असा प्रतिवाद होतो. निमित्त परदेशी, हे मान्य. पण आधी तात्पुरती टाच, मग सुनावणी, शेवटी सरकारजमा, हा सांगाडा १९४४ चाच आहे. बदललं ते मुख्यतः हे, की पहिली टाच आता न्यायाधीश नव्हे, ईडीचा (सक्तवसुली संचालनालयाचा) अधिकारी आणतो, १८० दिवसांपर्यंत. या वंशावळीतलं सर्वांत काळजीचं वळण मला हेच वाटतं.

२०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात टाचेची तरतूद घालताना संसदेनं नवी पद्धत लिहिली नाही. कलम १८ अ नुसार १९४४ चाच वटहुकूम लागू केला. फक्त जिल्हा न्यायाधीशाच्या जागी विशेष न्यायाधीश बसवला.