एम्सवरचा सायबर हल्ला: तुमची वैद्यकीय माहिती किती सुरक्षित?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतल्या एम्स रुग्णालयाची संगणक यंत्रणा ठप्प झाली. केसपेपर, भरती, बिलं, लॅबचे रिपोर्ट, सगळं हातानं लिहायची वेळ आली. हा रॅन्समवेअर हल्ला होता. यात हल्लेखोर यंत्रणेत शिरून फाइल्स कुलूपबंद करतात. उघडण्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे असते.

नेमकं काय झालं?

केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. कारण होतं नेटवर्कची सदोष विभागणी. घरातल्या खोल्यांना दारंच नसली की एका खिडकीतून शिरलेला चोर सगळीकडे फिरतो, तसाच हा प्रकार. एक बॅकअप सर्व्हर शाबूत होता, म्हणून डेटा परत मिळवता आला.

ही माहिती इतकी नाजूक का?

एटीएम कार्ड हरवलं तर ब्लॉक करता येतं, पासवर्ड बदलता येतो. एचआयव्ही, मानसिक आजार किंवा गर्भपाताची नोंद एकदा बाहेर गेली की ती परत घेता येत नाही. तिचा परिणाम नोकरीवर होतो, लग्नावरही.

सुरक्षा आणि गोपनीयता एकच का?

नाही. एम्समध्ये कुलूप तुटलं, तो सुरक्षेचा प्रश्न. पण किल्ली हाती असलेल्या कर्मचाऱ्यानंच रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर कुलूप शाबूत राहूनही गोपनीयता जाते. त्यावर अँटिव्हायरसचा उपाय नाही. कोणी काय पाहावं, याचे नियम आणि कोणी काय पाहिलं, याची नोंद लागते.

कायदा काय सांगतो?

- २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही.
- २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला कळवणं बंधनकारक आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे.
- वैद्यकीय आचारसंहितेनुसार, रुग्णानं मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.

तुम्ही काय करू शकता?

- 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी कोणाला, कशासाठी आणि किती काळ दाखवायच्या, हे पाहूनच संमती द्या. दिलेली संमती मागेही घेता येते.
- ओटीपी काउंटरवर सांगण्याआधी तो कशासाठी हवा, हे विचारा.
- रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवायचा, हे लॅबला स्वतः सांगा. घरातला सगळ्यांच्या हातात असणारा मोबाइल नंबर शक्यतो देऊ नका.