योन नदी

फ्रान्समधील सेन नदीची डावीकडून मिळणारी मोठी उपनदी. लांबी 292 किमी. मॉरव्हाँच्या जंगली डोंगरांत उगम पावून ती माँतरो येथे सेनला मिळते. संगमावर योनचे पाणी सेनपेक्षा जास्त असते. त्या हिशेबाने पॅरिसमधून वाहणारी नदी योनच म्हणायला हवी.

पॅरिसच्या चुली शतकानुशतके या नदीने पेटत्या ठेवल्या. मॉरव्हाँमधील जळण 1.14 मीटर लांबीचे तोडून, प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण ठोकून ओढ्यांत सोडत. योनकाठच्या क्लामसी गावी ते बाहेर काढून खुणेप्रमाणे निवडत, लवचीक फांद्यांनी बांधून सुमारे 70 मीटर लांबीचे तराफे करत. या पद्धतीचे श्रेय परंपरेने ज्याँ रूव्हे याला देतात (1549). तराफेवाले पॅरिसला माल उतरवून पायी घरी परतत. त्यांच्या कष्टांची नोंद राजांच्या वंशावळींइतकीच मोलाची आहे. शेवटचा तराफा 1877 मध्ये गेला. रोमाँ रोलाँ यांचा जन्म क्लामसीचा (1866). महात्मा गांधींचे चरित्रकार म्हणून ते भारतीय वाचकांना परिचित आहेत.

ओसेर ते माँतरो हा 108 किमीचा टप्पा नौकानयनास योग्य असून त्यावर 26 जलपाश आहेत. नाव आत आली की दारे लागतात, झडपा उघडतात आणि पाण्याबरोबर नाव हळूहळू खाली उतरते. येथील अनेक जलपाशांच्या भिंती उतरत्या आहेत. पाणी ओसरताना काठाला बिलगलेली नाव उतारावर टेकून कलंडू शकते, म्हणून दोर सैल सोडत ती मध्यावर ठेवावी लागते. शार्ल प्वारे या अभियंत्याने 1834 मध्ये क्लामसीजवळ बासव्हील येथे सुयांचा बांध प्रथम बांधला: लोखंडी चौकटींना टेकवून उभ्या लावलेल्या लाकडी दांड्यांची रांग. पूर आला की माणसे एकेक दांडी हाताने उपसून काढत व चौकटी नदीच्या तळाशी निजवत.

काठावरील सांस येथील कॅथीड्रल (आरंभ बाराव्या शतकात) गॉथिक शैलीच्या अगदी आरंभीच्या कॅथीड्रलांपैकी आहे. ओसेरच्या सँ-झेर्मँ मठाच्या तळघरात नवव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. ओसेरहून निव्हेर्ने कालवा (174 किमी) व मिजेनहून बर्गंडी कालवा (242 किमी, 189 जलपाश) निघतो.

धान्य व रेतीची काही वाहतूक चालते. खोऱ्यात शाब्लीचे द्राक्षमळे आहेत. ओसेरची लोकसंख्या सुमारे 35,000.