आपला मासा, परकी नदी

परका मासा म्हटलं की आपल्याला आफ्रिकेतून आलेली तिलापिया आठवते. उजनीच्या काठावर तिला ‘चिलापी’ म्हणतात. मला मात्र जास्त अस्वस्थ करते ती कावेरीची गोष्ट. तिथला घुसखोर आपल्या पुण्याचा आहे.

१८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात मुळा-मुठेतला एक महासीर होता. ‘टॉर खुदरी’ या त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘खुदरी’ इथल्याच बोलीतलं. पुढे हा निळसर परांचा मासा कमी होत गेला, तेव्हा १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. हेतू चांगलाच होता. तिथली बोटुकली दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही.

पण कावेरीत स्वतःचा महासीर आधीपासून होता: सोनेरी अंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य. १९४६मध्ये काबिनी नदीत असा एक मासा गळाला लागला, वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो!

कर्नाटकातल्या गालिबोरे इथल्या कॅम्पवर हौशी मंडळी मासे पकडून, वजन नोंदवून परत सोडत. संशोधकांनी १९९८ ते २०१२च्या या नोंदी तपासल्या. सहा हजारांहून जास्त मासे. एकूण आकडा वाढतच होता. वरवर पाहता नदी सुधारतेय असंच वाटावं. दोन्ही जाती वेगळ्या मोजल्या, तेव्हा खरं चित्र दिसलं. वाढत होता तो खुदरी. कावेरीचा महासीर घटत होता, आणि जे सापडत ते बहुतेक मोठे, वयस्कर. म्हणजे नवी पिढी येतच नव्हती.

वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी यांचाही त्यात वाटा असणार. पण एवढ्या प्रसिद्ध माशाला तोवर नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीतून नोंदवलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, हे २०१८ मध्ये सिद्ध झालं. त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

आपण देशी-परदेशी ठरवतो ते नकाशावरच्या सीमा पाहून. माशाचा मुलूख म्हणजे त्याचं खोरं. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीत परकाच. म्हणून यापुढे कुणी नदीत ‘देशी’ मासे सोडल्याची बातमी वाचलीत, तर एवढंच विचारा: कुठल्या नदीतले?