‘धरावें’, ‘मारावें’ आणि एक इंग्रजी क्रियापद

राजकीय हेतूनें, दबा धरून केलेल्या वधास इंग्रजींत ‘असॅसिनेट’ हें स्वतंत्र क्रियापद आहे. मराठींत त्यास तंतोतंत प्रतिशब्द नाहीं. पण ही उणीव होय असें आम्हांस वाटत नाहीं. तो शब्द मूळचा अरबी. इराणांतील अलमूतचा किल्ला सन १०९० त घेणाऱ्या हसन सब्बाहाच्या पंथास शत्रूंनी लाविलेल्या नांवावरून तो युरोपांत गेला. म्हणजे त्याच्या पोटांत परपंथाची निंदा आहे. कौटिल्याच्या ‘उपांशुदण्डां’त गुप्तता आहे, निंदा नाहीं, राजानें गुपचूप केलेली ती शिक्षाच.

मराठी शब्द कृत्य कोणी व कसें केलें हें पाहतात. कसबा पेठेंतील लालमहालांत ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजीमहाराज शाइस्तेखानावर चालून गेले, त्यास आपण ‘छापा’ म्हणतों. कारण राजा स्वतः शस्त्र घेऊन शत्रूच्या गोटांत शिरला होता. (हल्लीं तेथें दिसणारी इमारत नवी आहे, हें परगांवच्या वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.)

तेथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. भाद्रपद शु. १३ शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, ऐन गणपतीच्या दिवसांत अठरा वर्षांच्या नारायणरावास गारद्यांनीं तेथें मारिलें. हा छापा नव्हे. सुमेरसिंग आदि गारदी पेशव्यांचेच चाकर. म्हणून हा ‘दगा’. आणि ‘मारेकरी घालणें’ या प्रयोगाचें व्याकरण तर फारच मार्मिक आहे. त्यांत कर्ता पाठविणारा असतो. तरवार चालविणारा केवळ कर्म. ‘गारद्यांनीं मारिलें’ म्हटलें कीं रघुनाथराव वाक्यांतून निसटतो; ‘मारेकरी घातले’ म्हटलें कीं घालणारा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा याच प्रश्नाभोवतीं फिरते. ग्रांट डफानें ती १८२६ च्या आपल्या इतिहासांत दिली आहे : रघुनाथरावाच्या आज्ञेंत ‘धरावें’ होतें, त्याचें ‘मारावें’ झालें, आणि हा फेर आनंदीबाईचा असा सार्वत्रिक समज. मूळ कागद आज उपलब्ध नाहीं. शिवाय येथें नुसतें अक्षर बदलत नाहीं, कानाही वाढतो; लिहिलेल्या ओळींत तो बेमालूम बसविणें सोपें नव्हे. तरी कथा टिकली, कारण तिनें दादासाहेबांस सोडविलें व सारा दोष एका स्त्रीच्या लेखणीवर टाकिला. पण सशस्त्र गारदी स्वतःच्या पुतण्यावर, तेंही गादीवरील पेशव्यावर, घालणें हें ‘धरावें’ लिहिल्यानें निर्दोष कसें होतें? रामशास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें म्हणून जें प्रसिद्ध आहे, त्यांत या सबबीस स्थान दिसत नाहीं.

एका मोडी पत्राच्या बाळबोध नकलेंत ‘दगा जाहला’ याचें ‘खून झाला’ असें सुधारलेलें आम्हीं नुकतेंच पाहिलें. नकलकारानें अर्थ सोपा केला, पण मारणारा घरचा होता ही साक्ष पुसली गेली. ज्यांच्या संग्रहीं भाद्रपद १६९५ च्या सुमाराचे कागद असतील, त्यांनीं नक्कल करितांना क्रियापद मुळाबरहुकूम ठेवावें व त्या ओळीचा फोटोही सोबत जोडावा, ही विनंती.