धौजच्या भेगा

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात, धौज नावाचे गाव आहे. त्याच्या आसमंतातील अरवलीच्या टेकड्या फारशा उंच नाहीत. मात्र तेथील क्वार्टझाइट खडक शंभर कोटी वर्षांहून जुना, अतिशय कठीण आणि उभ्या भेगांनी चिरलेला आहे. हिमालयाची ओढ असलेल्या दिल्लीकर तरुणांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्तरारोहणाचे धडे गिरवले ते याच भेगांमध्ये.

भेग चढण्याची विद्या निराळी आहे. पंजा भेगेत घालून अंगठा तळहाताकडे वळवला की हात फुगतो आणि पाचरीसारखा अडकतो. भेग रुंद असेल तर मूठ आणि अरुंद असेल तर बोटे हेच काम करतात. पाऊल आडवे सरकवून पिळले की तेही ठरते. इंग्लंडमधील खरबरीत वालुकाश्माच्या कड्यांवर ही विद्या विशेष बहरली आणि मँचेस्टरचा जो ब्राउन तेथेच तयार झाला. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँडसह तो कांचनगंगेच्या माथ्याजवळ पोहोचला, तेव्हा अखेरचा अडसर एका उभ्या भेगेचाच होता. ब्राउनने ती चढून काढली. नंतर दोघेही शिखरबिंदूच्या किंचित खाली थांबले, कारण शिखराला पाय न लावण्याचे वचन मोहिमेने सिक्कीमच्या राजघराण्याला दिले होते.

थांबण्याचा हा संस्कार पुढे साधनांतही उतरला. पूर्वी भेगेत लोखंडी मेखा ठोकत. त्या पुनःपुन्हा ठोकल्या-काढल्याने भेगेच्या कडा तुटत. १९७२ साली अमेरिकेत यव्हाँ श्वीनार यांच्या साधनसूचीत डग रॉबिन्सन यांचा लेख आला आणि हातोडीविना बसणाऱ्या, मागाहून काढून घेता येणाऱ्या धातूच्या पाचरींचा पुरस्कार झाला. धौजची मुख्य परंपरा याच वळणाची आहे. आरोही आपल्या पाचरी स्वतः बसवतो, त्यांत दोर अडकवतो; मागून येणारा सोबती त्या काढून आणतो.

कड्यावर मात्र केवळ माणसाचाच हक्क नसतो. कीटकनाशकांमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली दाखवून दिले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. योसेमिटीसारख्या ठिकाणी त्याच्या विणीच्या काळात, साधारणतः मार्च ते जुलैच्या मध्यापर्यंत, ठरावीक कडे आरोहणास बंद ठेवले जातात. पिले उडून गेली की ते पुन्हा खुले होतात.

हे वेळापत्रक दिल्लीला जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे एप्रिलनंतर उन्हाने खडक तापतो आणि आरोहण आपोआपच थांबते. आरोहणाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पण अरवलीच्या खडकाळ भागातील शृंगी घुबडाच्या विणीचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा आहे आणि ते अंडी घालते ती कपारीत किंवा कड्यावरील उघड्या जागेत. म्हणजे माणसाची सोय आणि पक्ष्याची गरज एकाच ऋतूत समोरासमोर येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. तरीही कोणत्या भेगेजवळ यंदा घरटे आहे, हे कायद्याआधी तेथे पोहोचलेल्या आरोह्यालाच दिसते.

सुरुंगांनी डोंगरच्या डोंगर फोडले गेले, तेथे एका भेगेचे काय एवढे, असा आक्षेप यावर येऊ शकतो. हा दगड दिल्लीने फार पूर्वीपासून वापरला. चौदाव्या शतकातील तुघलकाबादची तटबंदी त्याचीच आहे. पुढे खाणींचा व्याप इतका वाढला की ८ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाला फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात जिल्ह्यांतील अरवलीत खाणकाम थांबवावे लागले. परंतु इतरांनी डोंगराला हात लावू नये, ही अपेक्षा ज्याला न्याय्य वाटते, त्याने घरटे असलेल्या भेगेतून आपला हातही काही महिने मागे घेतला पाहिजे. कड्यात मेख न ठोकण्याचा संयम ज्या परंपरेने अंगी बाणवला, तिला ही मागणी परकी वाटू नये.