सर्व्हर डाउन! पण नेमकं काय बंद पडलं? आयटी यंत्रणेचा 'नकाशा' कसा तयार होतो?

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीत बसून एखादा शेतकरी मोबाइलवर डिजिटल सातबारा काढतो. १५ रुपये भरतो आणि उतारा मिळतो. या एका कामामागे ओटीपीचा एसएमएस, पेमेंट गेटवे, भूमी अभिलेखांचा डेटाबेस, डिजिटल स्वाक्षरी अशा अनेक यंत्रणा असतात. यातली एक अडली तरी त्याला दिसतं एवढंच, 'सर्व्हर डाउन'.

कोणतं यंत्र कशावर अवलंबून आहे याची नोंद जिथे ठेवतात, त्याला सीएमडीबी म्हणतात. ही माहिती एका ठिकाणी तयार मिळत नाही. खरेदीच्या नोंदवहीत सर्व्हरचा सिरियल नंबर आणि वॉरंटी असते, पण तो चालू आहे की धूळ खातोय हे तिथे कळत नाही. नेटवर्क स्कॅन केलं की चालू यंत्रं सापडतात. बंद असलेली सुटतात. सर्व्हरवर बसवलेला एजंट आतलं सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती सांगतो. क्लाउडवरच्या यंत्रांची यादी क्लाउड कंपनीच्या एपीआयमधून घ्यावी लागते. आणि कोण कोणाशी बोलतंय, हे नेटवर्कवरच्या रहदारीच्या नोंदींतून उमगतं. अवलंबित्व कळतं ते मुख्यतः इथेच.

खरी डोकेदुखी: जुळवाजुळव

एकच सर्व्हर एका यादीत नावाने, दुसरीत आयपी पत्त्याने, तिसरीत सिरियल नंबरने येतो. आयपी बदलतो, त्यामुळे ओळख पटवायला सिरियल नंबर जास्त भरवशाचा. दोन स्रोतांचं पटलं नाही तर कोणाचं खरं मानायचं, हे आधीच ठरवावं लागतं. मेमरी किती, हे एजंटला विचारा. मालक कोण, हे नोंदवहीला. रोज न जुळवलेला नकाशा लवकरच शिळा होतो.

मुंबईतला तो बुधवार

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार थांबले. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइन होत्या, म्हणजे कागदावर पर्याय होता. पण दोन्हीकडे अडथळे आले, त्यानंतर डेटा साठवणारी 'सॅन' यंत्रणा प्रतिसाद देईना आणि तिच्यामुळे क्लिअरिंग कंपनीची जोखीम नियंत्रण यंत्रणा अडली. व्यवहार पुन्हा सुरू झाले दुपारी ३.४५ ला आणि ५ पर्यंत चालले. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचं, गरज पडल्यास पर्यायी केंद्रावरून.